घर वाढले, बोर्ड मात्र तोच



मी वसमत तालुक्यातील हट्ट्याचा. तीस वर्षे वायरमनचे काम करतो. आपल्या कार्याची माणसे आदिवासी वाड्यांवर जातात, तेव्हा पक्कड-टेस्टरची पिशवी घेऊन मीही त्यांच्याबरोबर जातो. घरातला विजेचा बोर्ड बदलायची वेळ आली हे साध्या माणसाने कसे ओळखावे, ते लिहा, असे मला सांगण्यात आले. लिहितो, पण आधी एक कबुली द्यायला हवी.

चार वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. आईने चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतले. पाणी सांडले, पाय अनवाणी, फरशी ओली. कूलरच्या पत्र्याला हात लागला आणि ती फेकल्यासारखी मागे पडली. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. देवाच्या दयेने ती वाचली, पण कोपरापर्यंतची बधिरता पुढे कितीतरी दिवस राहिली. ती एवढेच म्हणाली, “गावाची लाईट दुरुस्त करतूस बाबा, घरचं कोण बघणार?”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आमचा बोर्ड वडिलांच्या काळातला, लाकडी. त्यावर चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज. फ्यूज सारखा उडतो म्हणून मीच त्यात जाड तार घातलेली होती. कूलरच्या पिनेसाठी तिसरे भोक होते, पण त्यामागे अर्थिंगची वायरच नव्हती. आईला झटका बसला तेव्हा त्या बोर्डावरचा एकही फ्यूज उडाला नाही.

तो का उडाला नाही, हे समजले की अर्धा विषय समजला. फ्यूज किंवा एमसीबी हा वायरचा राखणदार आहे, माणसाचा नाही. ६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह गेला तरच पडतो. माणसाच्या हृदयाला धोका व्हायला ३० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो. म्हणजे ६ अँपिअर हा त्याच्या २०० पट झाला. माणूस जिवाला मुकेल, तरी फ्यूजला पत्ता लागणार नाही. माणसाची राखण करणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत आला की नाही, याचा तो सतत हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो वीज तोडतो.

आता घराचा हिशेब. पूर्वीच्या वीज मंडळाच्या काळात घरात वीज आली, तेव्हा ६० वॅटचे दोन दिवे आणि एक पंखा असायचा. सारे मिळून सुमारे २०० वॅट. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. वॅटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. २०० वॅट म्हणजे एक अँपिअरसुद्धा नाही. आज त्याच घरात सकाळी पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड, ५०० चा मिक्सर, अर्ध्या एचपीची मोटर धरा ५५०, फ्रिज १५०, दोन पंखे १५०, टीव्ही १००. बेरीज २९५०, म्हणजे जवळजवळ १३ अँपिअर. वायर मात्र तीच. प्रवाह दुप्पट झाला की वायर चौपट तापते, तिप्पट झाला की नऊपट. एक वही घ्या, प्रत्येक वस्तूवर लिहिलेले वॅट मांडा आणि भागाकार करा. शाळेतले लेकरूही हे करील.

हिशेबाखेरीज बोर्ड स्वतःही बोलतो. त्याच्या खुणा अशा :

१. मिक्सर किंवा मोटर सुरू करताच घरातले दिवे क्षणभर मंदावतात.

२. बोर्डाला किंवा पिनेला हात लावला तर गरम लागतो. प्लगची भोके काळी पडली आहेत.

३. बोर्डातून चरचर आवाज येतो, किंवा प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतो. ही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नका. मेन स्विच लगेच बंद करा.

४. फ्यूज वरचेवर उडतो, एमसीबी वरचेवर पडतो. जाड तार घालणे किंवा मोठा एमसीबी बसवणे हे औषध नव्हे, ते रोग्याचे तोंड दाबणे आहे. मी तेच केले होते.

५. फ्रिजला, कूलरला, मोटरला किंवा नळाला हात लावताना मुंग्या येतात. याला ‘थोडासा करंट’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आज हात कोरडा आहे, उद्या ओला असेल.

६. एकाच प्लगमध्ये दोन-तीन जोड लावून घर चालते आहे.

७. बोर्ड लाकडी आहे, पावसाळ्यात त्यामागची भिंत ओलावते, किंवा फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर वेगवेगळे फ्यूज आहेत. या शेवटच्या प्रकारात न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण वायरमध्ये वीज जिवंतच राहते. ‘लाईट गेली’ म्हणून माणूस बिनधास्त हात घालतो.

८. बोर्डावर आरसीसीबी नाही, किंवा तीन पिनांच्या प्लगमागे अर्थिंग नाही. बाकी एकही खूण नसली तरी ही एक पुरेशी आहे.

प्रत्येक दोष बोर्डाचाच असतो असे मात्र नाही. दिवे मंदावले तर आधी शेजारी विचारा. साऱ्या गल्लीत तसेच होत असेल तर दोष बाहेरचा आहे. काही दिवे एकाएकी भगभगीत आणि काही अगदी मंद झाले, तर खांबाकडचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. अशा वेळी मेन बंद करा आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मीटर आणि खांबापासूनची वायर महावितरणची. तिथले सील कुणीही तोडायचे नाही. मीटरच्या पुढचे सारे आपले, आणि त्याची जबाबदारीही आपलीच.

बोर्ड बदलायचा म्हणजे जुने स्विच काढून नवे पांढरे स्विच लावायचे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बोर्ड रंगवणे झाले. खरा बदल चार गोष्टींचा आहे. पहिली, आयएसआय खुणेची तांब्याची वायर : दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, रॉड-फ्रिजच्या मोठ्या प्लगला अडीच. दुसरी, प्रत्येक फाट्याला त्याच्या वायरला झेपेल असा वेगळा एमसीबी. तिसरी, साऱ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, तो पडला म्हणजे जागा आहे. चौथी, जमिनीतले खरे अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग निकामी होते. म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. नळाच्या पाइपला वायर बांधणे म्हणजे अर्थिंग नव्हे. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, आणि भार मंजुरीपेक्षा वाढला असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्जही करावा.

आता ज्या कारणासाठी हा विषय आपल्या अंकात यायला हवा, ते सांगतो.

कळमनुरीकडच्या डोंगराळ भागात आंध समाजाच्या वस्त्या आहेत. २०१७ साली केंद्राची सौभाग्य योजना आली, तेव्हा ज्या गरीब घरांना मोफत जोडणी मिळाली, त्यांच्या घरातली वायरिंग एका दिव्यापुरती होती. एका दिव्यासाठी ती योग्यच होती. गेल्या हिवाळ्यात एका दात्याने मोठ्या प्रेमाने अशा एका वस्तीसाठी पाणी तापवायचे रॉड दिले. वाटपाच्या दिवशी मी पहिल्याच घरात गेलो. पत्र्याचे घर, दिव्याच्या होल्डरातून काढलेली बारीक वायर, तिच्या टोकाला प्लग. ती वायर पत्र्याला घासत होती आणि त्याच पत्र्याला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली. एखाद्या पावसात वायरचे कवच सोलले की पत्रा, तार आणि ओले लुगडे, सगळ्यांत वीज उतरणार. तिथे मला माझी आई दिसली. त्या घरातल्या आजीबाईंना मी म्हणालो, “मावशी, रॉड आज देत नाही. आधी बोर्ड देतो.” त्या नाराज झाल्या. त्यांच्या डोळ्यांना दिसत होता तो रॉड. आरसीसीबी दिसत नव्हता.

रॉड दोन महिने थांबले. आधी बोर्ड बसले, अर्थिंगचे खड्डे झाले, कपड्यांच्या तारेऐवजी नायलॉनची दोरी आली. मग रॉड वाटले. पाणी तापले की नाही हे बोट घालून पाहायचे नाही, आधी पीन काढायची, हे प्रत्येक घरात करून दाखवले.

तेव्हा माझी विनंती एवढीच. कुणाच्या घरी फ्रिज, कूलर, मोटर, शिलाई मशीन देण्याची इच्छा झाली, तर देण्याआधी विचारा : त्या घरचा बोर्ड पाहिला का? शक्य असेल तर वस्तूबरोबर बोर्डाचाही खर्च द्या. आणि हा अंक खाली ठेवल्यावर उठून आपल्या स्वतःच्या बोर्डासमोर उभे राहा. टेस्टचे बटण सापडते का पाहा. मी ते तीस वर्षे लोकांच्या घरात शोधत होतो, माझ्या घरात नव्हते.

आमच्या घरचा जुना लाकडी बोर्ड मी फेकलेला नाही. मीटरशेजारी नव्या बोर्डाखाली तो टांगून ठेवला आहे. आई येता-जाता त्याच्याकडे बघते, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मला हाक मारते, “बटन दाबलंस का रे?”