आपल्या घरात, आपल्या पायांवर

मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला आणि गावच्या घरात आई-वडील दोघेच, किंवा दोघांपैकी मागे राहिलेले एकच, हे चित्र आता तालुक्याच्या गावांतही सर्रास दिसते. ‘हातपाय चालतात तोवर आपल्याच घरात राहायचे’ ही त्यांची इच्छा रास्तच आहे. मात्र हे स्वावलंबन एका क्षणात हिरावून घेणारी गोष्ट म्हणजे घरातल्या घरात पडणे. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परावलंबन मागोमाग येते. म्हणून आज पडणे टाळण्याविषयी.

तोल का जातो?

डोळे, आतला कान, तळपायांची संवेदना आणि स्नायूंची ताकद या चौघांवर आपला तोल अवलंबून असतो. वयोमानाने चारही थोडे थोडे कमी होतात. मोतीबिंदू असेल, मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर अधिकच. शिवाय झोपेतून एकदम उठल्यावर रक्त पायांकडे उतरते. तरुणपणी शरीर ते चटकन सावरते, म्हातारपणी उशीर लागतो. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी आणि झोपेच्या गोळ्यांनी हा धोका वाढतो.

म्हणून रात्री लघवीला उठताना आधी कॉटच्या कडेवर एक-दोन मिनिटे बसावे, पावले वर-खाली हलवावीत, मग धरून उभे राहावे. डॉक्टरांकडून रक्तदाब उभ्यानेही मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल तर गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नये. पाणी कमी पिण्यानेही चक्कर येते. उतारवयात तहान नीट कळत नाही, म्हणून ती लागण्याची वाट पाहू नये. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.)

घरच्या घरी चाचणी

खुर्चीतून उठा, १० फूट नेहमीच्या चालीने चाला, वळा, परत येऊन बसा. घड्याळ लावून कुणीतरी शेजारी उभे राहावे. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना भेटावे.

व्यायाम

रोज फिरायला जाणारे मला सांगतात, ‘डॉक्टर, आमचा व्यायाम होतो.’ फिरणे उत्तमच, पण तेवढ्याने तोल सुधारत नाही. पासष्टीपुढील लोकांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे आणि खुर्चीतून शक्यतो हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, प्रत्येकी दहा वेळा. चहा उकळेपर्यंत निम्मे होतात!

घराची पाहणी

- न्हाणीघर व संडासात भिंतीला पक्का लोखंडी दांडा बसवावा. टॉवेलच्या दांडीचा आधार घेऊ नये, ती उपटून येते.
- मोरीतले शेवाळ घासून काढावे. स्नान स्टुलावर बसून करावे.
- सरकणारी पायपुसणी आणि सतरंज्या उचलाव्यात.
- झिजलेल्या स्लिपर टाकून मागे पट्टा असलेल्या चपला वापराव्यात. धोतराचा सोगा, साडीचा घोळ पायात येऊ देऊ नये.
- उशाशी बॅटरी ठेवावी. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढू नये.

पडलाच तर

घाईने उठू नका. खुबा दुखत असेल, पाय टेकवत नसेल तर पडून राहा आणि मदत बोलवा. दुखत नसेल तर कुशीवर वळून, रांगत खुर्चीपर्यंत जाऊन तिच्या आधाराने उठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मोबाईल घरातही गळ्यात अडकवलेला असावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. एक किल्ली शेजारी द्यावी आणि सकाळी ठरल्या वेळी दार उघडले नाही तर त्यांनी हाक मारावी, असे बोलून ठेवावे.

शेवटी एक विनंती. ‘मुलांना कळले तर ती घर बंद करून मला घेऊन जातील’ या भीतीने अनेकजण पडल्याचे लपवतात. पण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते आणि कारण सापडले तर बहुतेकदा उपाय करता येतो. म्हणून डॉक्टरांना जरूर सांगा. मुलांनीही ‘आता एकटे राहू नका’ असे म्हणण्याआधी या सुट्टीत न्हाणीघरात दांडा बसवून द्यावा.