जमिनीची ओल मोजून पाणी द्या
म्हसा परिसरात भातकापणीनंतर विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला घेणाऱ्या शेतकऱ्याने प्रत्येक पाळी जपून दिली पाहिजे. मुळांच्या थरात पुरलेला संवेदक जमिनीतील ओल मोजून तिचा आकडा मोबाईलवर कळवितो; नाशिकच्या द्राक्षबागांत अशी साधने वापरात आहेत. परंतु भारी व हलक्या जमिनीस एकच आकडा लागू पडत नाही. म्हणून प्रथम भरपूर पाणी द्यावे व निचरा झाल्यावर आकडा टिपावा. त्यापलीकडे दिलेले पाणी वाया जाते. पुढे रोज त्याच थरातील माती मुठीत दाबून पाहावी. गोळा सहज फुटू लागेल, त्या दिवशीचा आकडा पाळीची खूण समजावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे शेतावर करून दाखवावे. वाचलेली एक पाळी उन्हाळ्यात शेवटच्या तोड्यास उपयोगी पडेल.