जुन्या आवृत्तीचा आधार काढताना

पनवेल तालुक्यातल्या गव्हाण गावाचं नाव संगणकाला देऊन त्याची लांबी विचारली, तर उत्तर पायथनच्या आवृत्तीवर ठरतं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. तिच्या २.७ आवृत्तीत ‘गव्हाण’ साध्या अवतरणचिन्हांत लिहून मोजलं, की अक्षरं बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत उत्तर येतं १८. पायथन ३ मध्ये येतं ६: ग, व, हलन्त, ह, काना आणि ण. जुनी आवृत्ती चिन्हं मोजतच नव्हती, ती बाइट मोजत होती, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. साध्या इंग्रजी मजकुरात एक अक्षर म्हणजे एकच बाइट, म्हणून तिथे ही खोट कुणाला दिसायची नाही. मराठी नावांची यादी ठरावीक लांबीला छाटायची झाली, की चिन्हाच्या मधोमध कात्री लागायची आणि शेवटी अगम्य खुणा उमटायच्या.

ही खोट मुळातून काढायची तर जुने प्रोग्रॅम मोडणार होते. तरीही डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आली. मराठीत काम करणाऱ्याने या निर्णयाचे आभारच मानायला हवेत.

खरी ओढाताण झाली ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांची. लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडावा म्हणून तयार ठेवलेला कोड. आकडेमोडीची नमपाय, संकेतस्थळं उभारण्याची जँगो ही त्यातली नावाजलेली. दोन्ही पायथन चालवायच्या म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोन्हीकडे तपासायची, आणि नव्या सोयी समोर असूनही वापरायच्या नाहीत, कारण जुन्या आवृत्तीला त्या वाचताच येत नाहीत. यातले पुष्कळ जण हे काम नोकरी सांभाळून करतात.

अखेर एकेकाने पायथन २ मधून हात सोडवून घेतला. पायथनमध्ये एकेक ओळ लिहून लगेच उत्तर पाहण्याचं साधन असलेल्या आयपायथनने एप्रिल २०१७ मध्ये, जँगोने त्याच वर्षी डिसेंबरात, नमपायने जुलै २०१९ मध्ये. आयपायथनची रीत मला फार आवडते. लायब्ररी उतरवून घेणाऱ्या ‘पिप’ या साधनात नोव्हेंबर २०१६ मध्ये एक सोय आली: कोणती पायथन हवी हे लायब्ररीने एका ओळीत नोंदवायचं, म्हणजे जुनी पायथन असलेल्या संगणकाला पिप आपोआप त्याला चालणारी शेवटची आवृत्ती देतो. जुन्या ग्राहकाचा प्रोग्रॅम चालत राहतो, फक्त पुढचं काही मिळत नाही. पण सोय येऊन उपयोग नव्हता, लोकांच्या संगणकांवर नवा पिप पोचायला हवा होता. आयपायथनची मंडळी त्यासाठी आधीपासून लोकांना सांगत होती.

जुनं तसंच चालू ठेवलं तर काय बिघडतं? गव्हाणपासून काही किलोमीटरवरच्या न्हावा शेवा बंदराने ते पाहिलं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक ठप्प झाले आणि त्याच समूहाचं इथलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही अडलं. नॉटपेट्याचा एक मार्ग जात होता फाइली वाटून घेण्याच्या एसएमबी-१ या जुनाट पद्धतीतून. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये तिच्यातलं भोक बुजवलं होतं, आणि ही पद्धत बंद करा असं तिथल्या अभियंत्याने सप्टेंबर २०१६ मध्येच कळकळीने लिहिलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, नॉटपेट्या एका यंत्रात शिरला की तिथले पासवर्ड चोरून दुरुस्ती केलेल्या यंत्रांतही घुसायचा. मर्स्कला सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. म्हणूनच ‘आमचं चालतंय ना, मग कशाला हात लावा’ हे मला पटत नाही. आपलं जुनं यंत्र शेजाऱ्याच्या नव्या यंत्रालाही गोत्यात आणतं.

मात्र जुन्यावर अडकलेला माणूस आळशीच असतो असं नाही. शाळेच्या किंवा छोट्या कार्यालयाच्या खरेदीला मंजुरी लागते, प्रोग्रॅम लिहून देणारा केव्हाच निघून गेलेला असतो. त्याला वेळ हवा, आणि तारीख आधी कळायला हवी. पायथन २ ची मुदत आधी २०१५ होती, ती १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवली, तरी कित्येकांची धांदल उडालीच. आता दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि तिला साधारण पाच वर्षं आधार मिळतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० ची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, आणि हे ती आली तेव्हाच जाहीर होतं.