क्वांटम संगणक : वेगवान नव्हे, वेगळा

नवी दिल्ली : क्वांटम संगणक म्हणजे आजच्या संगणकाची अधिक वेगवान आवृत्ती, हा समज रूढ असला तरी चुकीचा आहे. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे किंवा चित्रपट पाहणे यांसाठी त्याचा काही विशेष लाभ नाही. मोजक्या गणितांत मात्र तो महासंगणकालाही मागे टाकू शकतो, आणि त्यांपैकी एक गणित आपल्या गोपनीय माहितीच्या सुरक्षेशी निगडित आहे.

नेहमीच्या संगणकातील ‘बिट’चे मूल्य ० किंवा १ असते. ‘क्यूबिट’ मात्र मोजमाप होईपर्यंत दोहोंच्या संमिश्र अवस्थेत राहू शकतो. १० क्यूबिटच्या अवस्थेचे वर्णन करण्यास १,०२४ संख्या लागतात. ३० क्यूबिटसाठी शंभर कोटींहून अधिक. म्हणून हा संगणक सर्व उत्तरे एकाच वेळी तपासतो, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे, कारण मोजमाप करताच हाती एकच उत्तर येते. खरी करामत पुढची. पाण्यावरील तरंग एकमेकांत मिसळून कुठे उंचावतात, कुठे विरतात; त्याच न्यायाने चुकीच्या उत्तरांची शक्यता घटवून अचूक उत्तराची वाढवायची. ज्या प्रश्नांत हे साधते, तेथेच लाभ.

अमेरिकी गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी हे साधून दाखवले. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा. गुणाकारावरून त्या संख्या शोधणे आजच्या संगणकांना अशक्यप्राय. ‘आरएसए’ ही प्रचलित एन्क्रिप्शन पद्धती याच विषमतेवर उभी आहे.

क्यूबिट नाजूक असतात, त्यामुळे तूर्त ती अभेद्य आहे. अतिसंवाहक क्यूबिट उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवूनही चुका होतात. आरएसएची २,०४८ बिटची किल्ली फोडण्यास दोन कोटी क्यूबिट लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये होता. २०२५ मध्ये तो दहा लाखांच्या आत आला. गूगलच्या ‘विलो’ चिपवर १०५ क्यूबिट आहेत. अंतर प्रचंड असले, तरी ते दोन्ही बाजूंनी घटत आहे.

शिवाय आज चोरून साठवलेला एन्क्रिप्टेड मजकूर उद्या उलगडता येईल. आरोग्यविषयक नोंदी वा संरक्षणविषयक पत्रव्यवहार दशकानुदशके गोपनीय राहायला हवा, तेव्हा प्रश्न आजचाच ठरतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम हल्ल्यापुढे टिकतील अशा तीन पद्धती जाहीर केल्या. त्या साध्या संगणकांवरही चालतात. भारताच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले असून, आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक उभारण्याचे लक्ष्य आहे.