क्लच घसरतो तेव्हा

आंबा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडते, आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि वेग मात्र तेवढाच राहतो. ‘पिकअप गेला’ म्हणून इंजिनाचे काम काढण्याआधी क्लच प्लेटकडे पाहायला हवे.

पेडल पूर्ण सोडले की प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि तिन्ही एकत्र फिरतात. तेव्हा झीज जवळजवळ होतच नाही. पेडल पूर्ण दाबल्यावरही नाही. प्लेट झिजते ती मधल्या अवस्थेत, हाफ क्लचवर. समजा, १०० न्यूटन-मीटर टॉर्क चालला आहे आणि इंजिन व प्लेट यांच्या गतीत मिनिटाला १००० फेऱ्यांचा फरक आहे. अशा वेळी सुमारे १० किलोवॅट शक्तीची निव्वळ उष्णता होते. दोन किलोवॅटचे पाच गिझर त्या चिंचोळ्या जागेत चालू केल्यासारखेच! चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणे मला म्हणूनच सर्वांत वाईट सवय वाटते. प्लेटच्या अस्तरातले रेझिन तापून करपते, घर्षण कमी होते, प्लेट आणखी घसरते आणि आणखी तापते. जळका वास येतो तो याचाच.

खात्री करायची तर मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि क्लच हळूहळू पूर्ण सोडा. इंजिन बंद पडले तर पकड शाबूत आहे. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करा, कारण तीही प्लेट तापवते. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर.

प्लेट घसरत असेल तर यापुढे गाडी रेटू नये. अस्तर संपले की खालचे रिव्हेट फ्लायव्हीलवर चरे पाडतात आणि खर्च वाढतो. बहुतेक गाड्यांत प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खरी मेहनत तीच. त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलणे शहाणपणाचे. जुनी प्लेट मागून घ्या आणि नीट पाहा: रिव्हेट अस्तराच्या पातळीला आले आहेत का? फ्लायव्हीलवर निळसर डाग आहेत का? प्लेट तेलकट असेल तर क्रँकशाफ्टचा मागचा ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचा सील गळतो आहे. तो तसाच ठेवला तर नवी प्लेटही घसरू लागेल. आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका; जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते.