मणी बारीकच हवा

लाल वाइन पुण्यात बऱ्याच ठिकाणी कोमट मिळते. ती ‘रूम टेम्परेचर’ला द्यायची असते, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये दिवेलागणीनंतरही भिंती तापलेल्या असतात. म्हणून कात्रजमधल्या एका छोट्या वाइन कॅफेत आम्ही नवरा-बायको जेवायला गेलो, तेव्हा माझं लक्ष जेवणाच्या यादीपेक्षा वाढणाऱ्या मुलाच्या हातांकडे जास्त होतं.

ह्यांना लाल हवी होती, अकलूजची. मुलाने आधी फ्रिजमधली उघडी बाटली काढली. तिच्या मानेला चिकटपट्टी होती आणि पट्टीवर पेनाने तारीख. “ही परवाची आहे, सर. चालण्यासारखी आहे, पण नवीनच उघडतो,” म्हणाला. नवी बाटली मांडणीवरून आणली, तिच्या पोटाला तळहात लावला आणि न उघडताच बर्फाच्या बादलीत ठेवली. “दहा मिनिटं थांबा ताई, गरम आहे.” तिथेच मी निर्धास्त झाले.

बूच काढायची त्याची रीत बघण्यासारखी होती. चाकूच्या पात्याने कडेखालची पन्नी एका फेऱ्यात कापली, तोंड फडक्याने पुसलं, मग पेच बुचाच्या बरोबर मध्यावर टेकवून सरळ आत फिरवला. ओढताना दोन टप्पे घेतले. शेवटचा अर्धा इंच हातानेच, हळूहळू, आवाज न करता. ह्यांच्या ग्लासात घोटभर ओतली आणि थांबला. हे म्हणाले, “छान आहे.” मुलगा अदबीने म्हणाला, “सर, वास बघा. ओल्या पुठ्ठ्यासारखा येत असेल तर बाटली बदलून देतो.” घोटभर देण्याचं कारण हेच असतं: माल बिघडलेला नाही ना, याची खात्री. आपण बहुतेक जण तिथे फक्त मान हलवतो. मग त्याने ग्लास भरला तो पोटाच्या सर्वांत रुंद भागापर्यंतच. वर मोकळी जागा राहिली तरच वास साठतो. 750 मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे असे पाच ग्लास बसतात.

कात्रज म्हटलं की पुणेकराला दूध डेअरी, सर्पोद्यान आणि घाटाच्या अलीकडची गाड्यांची रांग आठवते. इथे वाइन इतक्या निगुतीने वाढली जाते, याचं मला अप्रूप वाटलं. त्याला कारण आहे. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी 1980 च्या दशकात शातो इंडाज ही वाइन कंपनी उभी केली, तिथली ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन परदेशात जायची. ती कंपनी आता राहिली नाही. आमच्या घरी मात्र तेव्हाही आणि आताही खायचीच द्राक्षं.

खायच्या बागेत सगळी धडपड मणी फुगवण्याची. घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवायचे, विरळणी करायची, एकेका मण्याला जागा करून द्यायची. वाइनच्या बागेत नेमकं उलटं. तिथे मणी बारीकच हवा, कारण लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त येते. बियाही चालतात. लाल वाइन आंबवताना रस सालीसकट ठेवतात. पांढरीसाठी आधी रस काढून साल बाजूला करतात. छाटण्या मात्र दोन्हीकडे त्याच: एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी. युरोपात वेल थंडीत झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून दोनदा छाटून पीक एकदाच, जानेवारी ते मार्चमध्ये घ्यायचं. साखर भरायच्या दिवसांत अवकाळी आला, तर वर्षाची मेहनत चार दिवसांत मातीत जाते. बागाइतदाराच्या घरात ते दिवस कसे जातात, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

इतकं सोसून घडलेली वाइन शेवटच्या टप्प्यावर कोणीतरी शेगडीजवळच्या फळीवर उभी करून ठेवतो. याची मला खरोखर चीड येते. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचं उत्पन्न की दारूचा प्रसार यावर रण पेटलं आणि निर्णय पुढे अमलात आला नाही. बाटली कशी ठेवायची, हा प्रश्न मी वाचलेल्या त्या चर्चेत कुठेच नव्हता.

जेवणात ह्यांनी मटण मागवलं. मी तिखट पनीर घेतलं आणि सोबत नाशिकची गार शेनँ ब्लाँ. तिच्यातली किंचित गोडी तिखटाला आवरते. ह्यांच्या लालचा एक घोट मी पनीरवर घेऊन पाहिला, तर तुरटपणाने तिखट आणखी पेटलं; मटणाच्या चरबीबरोबर मात्र तीच वाइन मऊ लागत होती. आपल्या मसाल्यांना वाइन चालत नाही म्हणणाऱ्यांनी आधी या दोन्ही जोड्या लावून बघाव्यात.

तुम्ही जाल तेव्हा तीन गोष्टी बिनधास्त विचारा: बाटली कधी उघडली, कुठे ठेवली होती आणि द्राक्षं कुठल्या भागातली. लाल वाइन हाताला कोमट लागली तर बर्फाची बादली मागा, त्यात संकोच नको. आणि गाडी घरीच ठेवा. कात्रज चौकातून रात्री उशिरापर्यंत रिक्षा मिळते.