पुणे ते न्यूयॉर्क : जाताना १६ तास, येताना साडेचौदा! अंतर तर एकच, मग असं का?

आई-बाबा पहिल्यांदाच लेकीकडे न्यूयॉर्कला निघालेत. तिकिटावर लिहिलंय, मुंबईहून रात्री १.३० ला उड्डाण, सकाळी ८ ला न्यूयॉर्क. लगेच फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज : "साडेसहा तासांत अमेरिका? एवढ्यात आमची एसटी सोलापूरच्या पुढे जात नाही!"

काकांचं गणित बरोबर आहे, फक्त घड्याळं दोन आहेत. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे साडेसहा अधिक साडेनऊ, प्रवास झाला १६ तासांचा. येताना उलटी गंमत. दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई! दिसतात २४ तास, पण विमानात बसायचं साडेचौदाच तास.

आता अंतर. गुगलवर मुंबई-न्यूयॉर्क साधारण १२,५०० किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर १४ तास पुरायला हवेत. मग जाताना दोन तास जास्त कुठून आले?

मुख्य कारण वारा. जमिनीपासून १०-१२ किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना मागून ढकलतो. हिवाळ्यात त्याचा जोर आणखी वाढतो.

दुसरं म्हणजे रस्ता. गुगलचं अंतर हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. (म्हणूनच सीटसमोरच्या नकाशात विमान उगाच उत्तरेकडे वळसा घेताना दिसतं. तो वळसा नसतो, सपाट नकाशा आपल्याला फसवतो.) पण त्या रेषेवरून नेहमी जाता येत नाही. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं आणि खरा वळसा आला. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत सरकण्याची मिनिटंही धरलेली असतात.

हे विमान थेट पुण्यातून का नाही? लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची आणि विमानतळ हवाई दलाचा. १६ तासांचं इंधन भरलेल्या मोठ्या विमानाला ती अपुरी पडते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे.

त्यामुळे पुणेकरांनी १६ तासांत मुंबईचा रस्ता आणि तीन तास आधीची हजेरी मिळवायची. खंडाळ्याचा घाट तुंबला तर घर ते विमानतळ हिशेब २४ तासांवर जातो.

आणि तारीख नीट बघा! तिकिटावर '१५ तारीख, रात्री १.३०' असेल तर पुण्यातून निघायचं १४ तारखेच्या संध्याकाळी, साडेपाचच्या आसपास. १५ च्या संध्याकाळी बॅगा घेऊन निघालात, तर विमान तोवर न्यूयॉर्कला पोहोचलेलं असेल.